परदेशी लॉजच्या दारात जाण्याआधी : सातारा-सांगलीकरांनी काय करावे, काय टाळावे

मिरजेत शिकून ब्रिटनमधल्या रुग्णालयात रुजू झालेला डॉक्टर, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडून अमेरिकेत स्थिरावलेला इंजिनिअर, साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून लष्करात जाऊन निवृत्तीनंतर मुलाकडे मेलबर्नला राहायला गेलेला अधिकारी. अशा माणसांना परक्या गावात कधी ना कधी गुण्या आणि कंपास हे चिन्ह मिरवणारी इमारत दिसते. ते फ्रीमेसन मंडळींचे लॉज असते. कोणाला कुतूहल वाटते, कोणाला आत जावेसे वाटते. काही जण पुण्या-मुंबईच्या लॉजचे सभासद असतात आणि परदेशातही बैठकीला जायची त्यांची इच्छा असते. हे टिपण या सर्वांसाठी आहे.

फ्रीमेसनरी ही जगभर पसरलेली बंधुसंस्था आहे. तिचे पहिले ग्रँड लॉज १७१७ मध्ये लंडनला स्थापन झाले. गवंड्याचा गुण्या, ओळंबा आणि छिन्नी ही हत्यारे प्रतीक मानून सभासदाला नीतीचे धडे दिले जातात. एंटर्ड अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या असतात. बंधुभाव, दानधर्म आणि स्वतःची सुधारणा हे तिचे उद्देश.

परदेशात जाऊन फ्रीमेसन होण्याची वाट आपल्या मुलखात जुनी आहे. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले मुंबईचे माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ एतद्देशीय म्हणून मुंबईच्या युरोपीय लॉजमध्ये घेतले गेले नाहीत. युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईचे दार बंदच राहिले. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनने पुढाकार घेतला आणि डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे हिंदी लोकांना प्रवेश देणारे लॉज मुंबईत उभे राहिले. माणेकजींनी आडवाट धरली नाही. उघडपणे अर्ज केला, नकार पचवला आणि पुन्हा विचारले. परदेशी लॉजकडे जाणाऱ्याने हाच धडा घ्यावा : सरळ दाराने, कागदपत्रांसह आणि लाभाची अपेक्षा न ठेवता जावे.

१. आधी देशाचा कायदा पाहा

*करावे*

- ज्या देशात राहता तिथे फ्रीमेसनरी कायदेशीर आहे का, हे सर्वांत आधी तपासा. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस इथे लॉज उघडपणे चालतात.
- नोकरीचा करार आणि मालकाचे नियम वाचा. पोलीस, न्यायखाते किंवा संरक्षणाशी संबंधित कामात असाल तर बाहेरच्या संस्थांचे सभासदत्व कळवावे लागते का, हे कार्यालयात विचारून घ्या.

*टाळावे*

- कुवेत, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती इथे फ्रीमेसनरीला बंदी आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी मुले आखातात कामाला आहेत. त्यांनी तिथे लॉजची चौकशी करू नये, फोनवर त्याविषयी लिहू नये आणि कोणाच्या ‘गुप्त बैठकी’च्या आमंत्रणाला भुलू नये. नोकरी, व्हिसा आणि स्वातंत्र्य, तिन्ही धोक्यात येतात.
- एप्रन, पदक, चिन्हाची अंगठी किंवा टायपिन घेऊन अशा देशांतून प्रवास करू नका. लंडनला जाताना दुबईत विमान बदलायचे असेल तरी हे सामान बरोबर नसलेले बरे. पाहुण्याला लागणारा साधा एप्रन बहुतेक लॉजमध्ये उसना मिळतो. आधी विचारून ठेवा.
- ‘इंटरनेटवर सगळे उघड आहे, मग भीती कसली’ असा तर्क करू नका. पाकिस्तानात १९७२ पासून बंदी आहे. इंडोनेशियात १९६१ मध्ये बंदी आली आणि ती पुढे २००० साली उठली. देशागणिक आणि काळागणिक कायदा बदलतो.

२. घराणे ओळखा

सोयरीक जुळवण्याआधी आपल्याकडे घराण्याची चौकशी होते. लॉजचीही तशीच करावी लागते, कारण फ्रीमेसन नाव लावणाऱ्या सगळ्याच संस्था एकमेकींना मानत नाहीत.

*करावे*

- लॉज कोणत्या ग्रँड लॉजच्या सनदेखाली चालते, हे पहिल्याच पत्रात विचारा. भारताचे ग्रँड लॉज इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंड या तिन्ही ग्रँड लॉजच्या संमतीने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाले. भारतात आजही काही लॉज त्या तीन परदेशी सनदांखालीच चालतात आणि ती सर्व परस्परांना मान्य आहेत.
- अमेरिकेत देशभराचे एक ग्रँड लॉज नाही, प्रत्येक राज्याचे वेगळे आहे. ऑस्ट्रेलियातही राज्यवार व्यवस्था आहे, कॅनडात प्रांतवार. न्यू जर्सीहून टेक्सासला घर हलवले की चौकशी नव्याने करा.
- अमेरिकेत प्रिन्स हॉल परंपरेची लॉजही भेटतील. कृष्णवर्णीयांना गोऱ्या लॉजमध्ये प्रवेश नव्हता, त्या काळात प्रिन्स हॉल यांनी १७८४ मध्ये इंग्लंडहून सनद मिळवली. आज बहुतेक राज्यांत दोन्ही परंपरा एकमेकींना मानतात. भेट देण्याआधी आपल्या ग्रँड लॉजची मान्यता मात्र विचारा. माणेकजींची हकिकत माहीत असलेल्या मराठी माणसाला या परंपरेविषयी आदर वाटावा.
- जर्मनीत विधी बहुधा जर्मन भाषेत होतात, पण इंग्रजीत काम करणारी मान्यताप्राप्त लॉजही आहेत. जर्मन कच्चे असेल तर आधी त्यांचा शोध घ्या. शपथ कळत नसताना ती घेऊ नये.

*टाळावे*

- ‘ग्रँड ओरिएंट’ आणि ‘ग्रँड लॉज’ एकच समजू नका. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७ मध्ये ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली, तेव्हापासून इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिच्याशी संबंध ठेवलेला नाही. तुम्ही भारतात सभासद असाल तर मान्यता नसलेल्या लॉजला भेट देणे शिस्तभंग ठरते.
- व्हॉट्सॲपवर येणारी ‘इल्युमिनाटीत या, कोट्यधीश व्हा’ अशी आमंत्रणे क्षणभरही खरी मानू नका. खरे लॉज अनोळखी माणसाला संदेश पाठवून प्रवेश फी मागत नाही आणि श्रीमंतीचे आश्वासनही देत नाही. पैसे पाठवले असतील तर लगेच बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा.

३. आधीच सभासद असाल तर : भेट कशी द्यावी

*करावे*

- निघण्याआधी आपल्या लॉजच्या सेक्रेटरीला भेटा. कोणत्या शहरात आणि किती काळ जाणार ते सांगा. त्यांच्यामार्फत वर कळवून परवानगीचे किंवा ओळखीचे पत्र घ्या. अनेक ग्रँड लॉजचा पत्रव्यवहार एका ग्रँड सेक्रेटरीच्या कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडेच चालतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढले की लगेच हे काम हाती घ्या.
- तीन कागद जवळ ठेवा : ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र, चालू वर्षाची वर्गणी भरल्याची पावती किंवा कार्ड, आणि पासपोर्ट. तिन्हींवरचे नाव सारखे असावे. आपल्याकडे वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम कागदागणिक बदलतो. तो घरीच जुळवून घ्या.
- परीक्षेची तयारी ठेवा. अनोळखी पाहुण्याला दाराबाहेर काही प्रश्न विचारून तो खरा सभासद आहे का, हे पाहतात. तुमच्याविषयी अविश्वास म्हणून नव्हे, रीत म्हणूनच हे विचारतात.
- जेवणाची नोंद आधी करा. इंग्लंडमध्ये बैठकीनंतरचे भोजन हा कार्यक्रमाचा मोठा भाग असतो आणि ताटे मोजून मागवतात. शाकाहारी असाल, गोमांस चालत नसेल, चातुर्मास किंवा एकादशी पाळत असाल तर हे आठवडाभर आधी स्पष्ट लिहा.

*टाळावे*

- सूचना न देता दारात उभे राहू नका. ‘मी पुण्याहून आलोय’ एवढे सांगणे पुरत नाही.
- वर्गणी थकलेली असताना भेटीला जाऊ नका. परवानगी नाकारली जाईल आणि आपल्या लॉजचे नावही खाली जाईल.
- आपल्याकडची पद्धत बरोबर आणि त्यांची चूक, असे बोलू नका. देशागणिक शब्द आणि चालण्या-बसण्याची रीत बदलते. शेजारी बसलेल्या सभासदाकडे पाहा आणि तसे करा.

४. नव्याने सभासद व्हायचे असेल तर

*करावे*

- स्वतः विचारा. कोणीतरी येऊन आग्रह करील, याची वाट पाहू नका. जुन्या रिवाजाप्रमाणे माणसाने आपल्या इच्छेने यावे, म्हणून सभासद ओढून नेत नाहीत. त्या देशाच्या किंवा राज्याच्या ग्रँड लॉजकडे चौकशीचे साधे पत्र पाठवा. नाव, गाव, काम, किती वर्षे तिथे राहता आणि का यावेसे वाटते, एवढे त्यात पुरे.
- आधी पाहून घ्या. लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल आणि तिथले संग्रहालय सामान्य लोकांना पाहता येते. अनेक गावांतली लॉजही वर्षातून एखादा दिवस दार उघडे ठेवतात. त्या दिवशी जा आणि मनातले प्रश्न विचारा.
- वय पाहा. किमान वयाची अट ठिकाणागणिक वेगळी असते, कुठे १८ तर कुठे २१ वर्षे. इंग्लंडमध्ये विद्यापीठांसाठी २००५ पासून वेगळी योजना आहे, तिच्यात १८ वर्षांपासून प्रवेश मिळू शकतो.
- महिलांनी योग्य संस्थेकडे जावे. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजमध्ये पुरुषच सभासद होतात, पण महिलांची स्वतंत्र फ्रीमेसनरी तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑर्डर ऑफ विमेन फ्रीमेसन्स १९०८ मधली. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखाही आहे आणि ॲनी बेझंट तिच्या मोठ्या पुरस्कर्त्या होत्या.
- मुलाखतीत खरे बोला. नोकरी तात्पुरती असेल, दोन वर्षांत साताऱ्याला परतायचे असेल, तर तसे सांगा. गुन्हा किंवा खटला असेल तर लपवू नका.

*टाळावे*

- पोचल्याबरोबर अर्ज करू नका. नवे गाव, घरभाडे, मुलांची शाळा यांची घडी बसू द्या. दोघा सभासदांनी तुमची ओळख देऊन नाव सुचवावे लागते. ती ओळख व्हायला काळ द्यावाच लागतो.
- मतदानाचा निकाल गृहीत धरू नका. मतदान गुप्त असते, पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी होते आणि थोडे काळे गोळेही अर्ज फेटाळायला पुरतात. नकार आला तर कारण शोधत कोणाच्या घरी जाऊ नका.
- व्हिसा, बढती, घरकर्ज किंवा गिऱ्हाईक मिळेल म्हणून जाऊ नका. प्रवेशाच्या वेळी तुम्हाला हेच विचारले जाईल आणि लाभाची इच्छा नसल्याचे तुम्ही तोंडाने सांगाल. खोट्याने सुरुवात केलेल्या बंधुत्वाला अर्थ नाही.

५. श्रद्धा आणि घरची माणसे

*करावे*

- ईश्वराविषयी स्वतःशी स्पष्ट व्हा. मान्यताप्राप्त लॉजमध्ये एका परमशक्तीवर श्रद्धा ही अट आहे. तिचे नाव आणि रूप कोणी विचारत नाही. विधींत तिला विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले कटगुण. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढताना त्यांनी सर्वांचा एकच निर्मिक मानला. त्या विचारात वाढलेल्याला ही अट परकी वाटू नये.
- शपथ कोणत्या ग्रंथावर घ्यायची, ते आधी सांगा. भारतातल्या लॉजमध्ये एकाहून अधिक धर्मग्रंथ मांडलेले असतात. परदेशी लॉजमध्ये बहुधा बायबल असते, पण आपल्या धर्मग्रंथावर शपथ घेता येते. गीता किंवा कुराणाची प्रत तिथे नसेल तर तुम्ही घेऊन जा.
- जोडीदाराला पहिल्या दिवसापासून सांगा. किती संध्याकाळी घराबाहेर जाणार, किती पैसे लागणार, हे दोघांनी मिळून ठरवा. पुष्कळ लॉज कुटुंबासाठीही भोजन ठेवतात. तिथे दोघांनी जावे.
- गावाकडच्या आई-वडिलांना साध्या शब्दांत समजवा. ‘धर्म सुटेल का’ ही त्यांची पहिली काळजी असते. पुढे स्वामी विवेकानंद झालेले नरेंद्रनाथ दत्त १८८४ मध्ये कलकत्त्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाले होते, एवढे सांगितले तरी घरचा घोर हलका होतो.

*टाळावे*

- नास्तिक असाल तर अटीपुरते ‘हो’ म्हणू नका. साताऱ्याच्या मातीला विवेकवादाची मोठी परंपरा आहे. आपले मत लपवून आत जाण्यापेक्षा ते राखून बाहेर राहणे मानाचे.
- कॅथलिक असाल तर चर्चची भूमिका माहीत नसल्यासारखे वागू नका. व्हॅटिकनने १९८३ मध्ये कॅथलिकांना फ्रीमेसन होण्याची मनाई स्पष्ट केली आणि २०२३ मध्ये तीच भूमिका पुन्हा सांगितली. धर्मगुरूंशी बोलून मगच ठरवा.
- ‘सांगायचे नाही’ असे म्हणून पत्नीला किंवा मुलांना अंधारात ठेवू नका. गुप्तता ओळखीच्या खुणांपुरती आणि विधींपुरती असते. आपण सभासद आहोत, हे उघडपणे सांगता येते.

६. बैठकीच्या दिवशी

*करावे*

- पोशाख विचारून घ्या. इंग्लंडमध्ये गडद सूट, पांढरा शर्ट आणि पांढरे हातमोजे हा सर्वसाधारण वेश. अमेरिकेत एका लॉजमध्ये औपचारिक सूट तर दुसऱ्यात साधे कपडे चालतात.
- वेळेआधी पोचा आणि दारावरच्या वहीत स्वच्छ अक्षरात नाव, लॉज आणि क्रमांक लिहा.
- भोजनात मद्य घेत नसाल तर पाण्याने किंवा सरबताने साथ द्या. कोणी आग्रह करीत नाही. नको असेल तर हसून ‘नको’ म्हणा, त्याची कारणे सांगत बसू नका.
- पाहुण्याला दोन शब्द बोलायला सांगतात. आपले गाव, आपले लॉज आणि आभार, एवढे पुरे. कृष्णेच्या काठावरून आलो, असे सांगितले की लोक आवर्जून पुढे विचारतात.

*टाळावे*

- लॉजच्या खोलीत राजकारण आणि धर्म यांवर वाद घालू नका. हा नियम जगभर आहे. भारताचे असो वा तिथले, राजकारण दाराबाहेर ठेवा.
- विधी चालू असताना फोन बाहेर काढू नका. भोजनातले छायाचित्रही विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. स्वतःचे सभासदत्व सांगण्याचा हक्क तुमचा, दुसऱ्याचे सांगण्याचा नाही.
- व्हिजिटिंग कार्डे वाटू नका. विमा, घरे, शेअर यांचा विषय काढला की पुढच्या वेळी आमंत्रण येत नाही.

७. पैसा आणि वेळ

*करावे*

- प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, भोजन, पोशाख आणि दान यांचा अंदाज लेखी मागा. असे विचारण्यात कमीपणा नाही.
- दान आपल्या ऐपतीने द्या. कुटुंबाचे हाल करून द्या, असे कोणतेच लॉज सांगत नाही.
- ते लॉज दानाचे काय काम करते, ते विचारा. अमेरिकेत श्राइनर्स या फ्रीमेसनांच्याच संघटनेने लहान मुलांसाठी १९२२ पासून रुग्णालये चालवली आहेत. सांगलीतली मुले पोलिओने अधू होत त्या काळातले हे काम. अशा कामात हात लावता येत असेल तर सभासदत्व सार्थकी लागते.

*टाळावे*

- शिक्षणाच्या कर्जावर गेलेल्या विद्यार्थ्याने या खर्चात पडू नये. वडिलांनी शेत तारण ठेवले असेल तर आधी ते सोडवा. लॉज दहा वर्षांनीही तिथेच असेल.
- पाठांतराला वेळ नसेल तर पुढच्या पायरीची घाई करू नका. विधींचे शब्द तोंडपाठ करावे लागतात आणि परक्या भाषेत त्याला मेहनत जास्त पडते.

८. गावी परतताना

*करावे*

- निघण्याआधी सगळी वर्गणी चुकती करा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. या कागदावाचून भारतातल्या लॉजमध्ये सामील होता येत नाही.
- तिथले सभासदत्व ठेवायचे की सोडायचे, ते लेखी कळवा. दोन देशांत एकाच वेळी सभासद राहण्याची मुभा अनेक ग्रँड लॉज देतात, पण आधी विचारावे लागते.
- पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या लॉजला महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जाणे साताऱ्याहून जमते का, सांगलीहून जमते का, याचा प्रामाणिक हिशेब करा. रात्री उशिराचा महामार्गावरचा प्रवास त्यात धरा.

*टाळावे*

- न कळवता वर्गणी बंद करून निघून जाऊ नका. सभासदत्व थकबाकीपायी रद्द झाले तर ती नोंद पुढे कुठेही आडवी येते.
- गावात चिन्हाचा रुबाब दाखवू नका. गाडीच्या काचेवरच्या गुण्या-कंपासाने माणूस मोठा ठरत नाही.

शेवटी एक कसोटी. या संस्थेतून तुम्हाला एक रुपयाचाही लाभ होणार नाही, कोणी ओळख देणार नाही, तरीही अनोळखी माणसांसोबत नियमाने बसावे आणि चार जणांच्या उपयोगी पडावे असे वाटते का? वाटत असेल तर उद्याच ग्रँड लॉजला साधे पत्र लिहा. वाटत नसेल तर तिथले महाराष्ट्र मंडळ, रक्तपेढी, शाळेतली स्वयंसेवा ही कामेही तितक्याच मोलाची आहेत. तिथे नाव नोंदवा आणि परक्या गावात आपल्या जिल्ह्याचे नाव चांगल्या कामाने ओळखले जाईल असे वागा.